मंत्रचळ, घर आणि काही पुस्तके

(एका वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात, कुटुंब प्रबोधनाच्या सत्रात केलेल्या भाषणाचे लिखित रूप.)



संयोजकांनी निमंत्रण दिले तेव्हा विषय होता ‘मनःस्वास्थ्य आणि वाचन’. मी त्यांना म्हटले, अहो, मी वैद्य नाही, मानसशास्त्राचा अभ्यासकही नाही. मराठी साहित्य घेऊन बी. ए. झालेला, आयुष्यभर बातम्या लिहिणारा माणूस मी. यावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, हा आजार आमच्या घरात होता, तो आजार आहे हे कळायला आम्हाला बारा वर्षे लागली, आणि कळले तेही एका पुस्तकामुळे. तेव्हा तेवढ्याच अधिकारात बोलतो.

आमचे घर सांगलीचे. वडील शिक्षक आणि संघाचे कार्यकर्ते. त्यामुळे घराला दार असे नव्हतेच म्हणा ना. प्रवासी कार्यकर्ते रात्री-अपरात्री यायचे आणि आई उठून पिठले-भात टाकायची. तिच्या हातची भाकरी खाल्लेली माणसे आजही कुठे कुठे भेटतात आणि तिची आठवण काढतात. त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही की, ते झोपल्यावर आमच्या स्वयंपाकघरात काय चालायचे.

साधारण १९८६ची गोष्ट. आई झोपायच्या आधी विचारी, “गॅस बंद आहे ना रे?” मी म्हणे, “हो, बंद आहे.” घरात सिलिंडर नवा होता, वर्तमानपत्रात स्फोटाच्या बातम्या येत, यात वावगे काय? पुढे ती दोनदा विचारू लागली. मग मी उठून बटणाला हात लावून सांगावे, असे झाले. मग हात लावून, तिच्याकडे पाहून, मोठ्याने. गॅसनंतर दाराची कडी आली. कडीनंतर आजीच्या गोळ्या आल्या: “मी चुकीची गोळी दिली नाही ना? तू बघितलीस ना?” एका रात्री मी चिडून मोजले. एकच प्रश्न एकतीस वेळा. आणि एकतीस वेळा माझे एकच उत्तर, “हो आई, बंद आहे.”

आम्ही काय केले? जे कोणतेही प्रेमळ घर करील तेच. वाटणी केली. रात्री गॅसची जबाबदारी माझी, कडीची धाकट्या भावाची, गोळ्यांची वडिलांची. वडिलांनी मुक्कामाचे प्रवास बंद केले. आईने लग्नकार्याला जाणे सोडले, कारण घराला कुलूप लावून निघायला दोन तास लागत. कोणी विचारले तर आम्ही म्हणायचो, तिचा स्वभावच काळजीचा आहे. ‘स्वभाव’ हा आपल्या घरांतला मोठा सोयीचा शब्द आहे. तो उच्चारला की, पुढे कोणी काही विचारत नाही.

१९९८ साली परीक्षणासाठी म्हणून आलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात एक लहानसे इंग्रजी पुस्तक माझ्या हाती लागले. पद्मल डी सिल्वा आणि स्टॅन्ली रॅकमन या दोन मानसशास्त्रज्ञांचे. विषय ‘ओसीडी’. त्यात गॅस पुनःपुन्हा तपासणाऱ्या माणसाचे वर्णन वाचताना मला वाटले, हे लेखक आमच्या माजघरात येऊन बसले होते की काय! मी त्याचे परीक्षण लिहिले नाही. ते घरी नेले.

या आजाराला मराठीत शब्द आहे: मंत्रचळ. आपण तो थट्टेत वापरतो. वैद्यकात त्याला नेमका अर्थ आहे. मनात नको असलेला एक विचार घुसतो: हात अस्वच्छ आहेत, कडी उघडी राहिली, माझ्या हातून कोणाचे तरी वाईट होणार. तो विचार असह्य भीती निर्माण करतो. ती शमवण्यासाठी माणूस एक कृती करतो. धुतो, तपासतो, मोजतो, विचारतो. घटकाभर बरे वाटते. सगळी मेख या ‘बरे वाटण्यात’ आहे. मेंदू त्यातून शिकतो की, तपासले म्हणून संकट टळले. पुढच्या वेळी विचार अधिक जोराने येतो आणि कृती अधिक वेळा करावी लागते. खरे तर काहीच केले नाही तरी भीती आपोआप उतरते. पण ती उतरेपर्यंत थांबण्याची संधीच माणूस स्वतःला देत नाही. घरचेही देत नाहीत. शंभर माणसांपैकी दोघा-तिघांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. म्हणजे या सभागृहात तो ठाऊक असलेला मी एकटा नाही.

मराठी वाचकाला याचे एक चित्र फार पूर्वी मिळालेले आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन त्यात आहे. १८५७च्या धामधुमीत सासऱ्यांना फाशी झाल्याच्या धक्क्यानंतर हे वेड त्यांच्या डोक्यात शिरले, असे लक्ष्मीबाई सांगतात. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही आणि त्यापायी सारे घर राबायचे. लक्ष्मीबाई पुढे ख्रिस्ती झाल्या, म्हणून आपल्यातले काही जण ते पुस्तक बाजूला ठेवतात. ठेवू नका. आपल्या समाजाचा इतका निर्मळ आरसा दुसरा सापडणे कठीण. दिवंगत माणसाचे निदान करण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. पण मला त्यात एक गोष्ट दिसते. मनाच्या भीतीने रूढीचे वस्त्र पांघरले की, तिला घरात प्रतिष्ठा मिळते. मग तिला आजार म्हणण्याची कोणाची छाती होत नाही. शिवाशिवीसारख्या दुष्ट रूढीने समाजाचे जे केले ते आपण सारे जाणतो. त्या रूढीखाली काही भयग्रस्त मनेही वर्षानुवर्षे झाकली गेली असतील, हा विचार मला अस्वस्थ करतो.

आता थोडे नाजूक बोलतो. माझ्या परिचयाचा एक तरुण होता, उत्तम कार्यकर्ता. तो हळूहळू शाखेत यायचा बंद झाला. सगळ्यांना वाटले, नोकरीच्या मागे लागला. पुष्कळ काळाने त्याने मला सांगितले की, प्रार्थनेला उभे राहिले की, त्याच्या मनात देवादिकांविषयी अत्यंत अभद्र विचार येत. आपण पतित आहोत, ध्वजापुढे उभे राहण्याच्या लायकीचे नाही, अशी त्याची खात्री झाली होती. एका वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला, जप वाढव. त्याने वाढवला. मग जपात असा विचार आला की, माळ पहिल्यापासून. रात्रीचे दोन-दोन वाजू लागले. सल्ला देणाऱ्याचा हेतू शुद्ध होता. पण नामस्मरण हे मनाच्या प्रसन्नतेसाठी आहे. भीतीने केलेली मोजणी झाली की, ते हात धुण्याच्याच जातीचे होते.

त्याला मी रॅकमन आणि डी सिल्वा यांनी १९७८ साली केलेला एक अभ्यास समजावून सांगितला. त्यांनी मंत्रचळाचा त्रास नसलेल्या साध्या माणसांना विचारले की, तुमच्या मनात नकोसे, विकृत, हिंसक विचार येतात का? बहुतेकांनी होय म्हटले. आणि ते विचार रुग्णांच्या विचारांहून फारसे वेगळे नव्हते. फरक असा की, साधा माणूस ‘काय भलतेच मनात आले’ म्हणून पुढे जातो आणि मंत्रचळी माणूस त्या विचाराला स्वतःच्या चारित्र्याचा पुरावा मानतो. ज्याला देव सर्वांत प्रिय, त्याच्याच मनात देवाविषयीचे अभद्र येते. ज्या आईचा बाळावर जीव, तिलाच बाळाला इजा करण्याचा विचार भेडसावतो. हे आपल्याच धर्मात घडते असेही नाही. जॉन बनयन या इंग्रज धर्मोपदेशकाने १६६६ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात याच यातना आहेत. माझे बोलणे ऐकून तो तरुण रडला. म्हणाला, “हे मला आठ वर्षांपूर्वी कोणी का सांगितले नाही?” मला उत्तर देता आले नाही. पुढे त्याने रीतसर उपचार घेतले.

आपल्याकडे वैद्याची एक जुनी गोष्ट सांगतात. औषध घेताना तेवढे माकड आठवायचे नाही! आणि मग त्या रोग्याला औषधाच्या वेळी माकडाशिवाय दुसरे काही दिसेना. डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली हाच प्रयोग पांढऱ्या अस्वलाविषयी केला आणि हेच अनुमान काढले. दाबलेला विचार उसळून येतो. म्हणून ‘तसला विचारच करू नकोस’ हा सल्ला निरुपयोगी आहे, किंबहुना अपायकारक.

मग उपाय काय? १९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर वेगळा प्रयोग केला. ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्या सान्निध्यात रुग्णाला आणायचे आणि नेहमीची कृती करू द्यायची नाही. भीती चढते, शिगेला पोहोचते आणि उतरते. आज या आजारावरील मानसोपचाराचा हाच पाया मानला जातो. जोडीला औषधे असतात. त्यांचा परिणाम दिसायला बहुधा आठ-बारा आठवडे लागतात आणि आपली माणसे तिसऱ्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून ती बंद करतात. ती झोपेच्या गोळ्यांसारखी व्यसन लावणारी नसतात. पण सुरू करणे आणि थांबवणे दोन्ही डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच.

आता घराकडे येतो. आपण कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगतो आणि तो रास्त आहे. आईसाठी आम्ही रात्री जागलो, हे प्रेमच होते. पण त्या पुस्तकाने मला दाखवले की, माझे प्रत्येक ‘हो, बंद आहे’ हे तिच्या आजाराला घातलेले खतपाणी होते. बटणाला हात मी लावत होतो, पण कृती तिच्या आजाराची होती. घरातल्यांनी असे आजाराच्या तालावर नाचणे, हा विषय पुढे पुष्कळ अभ्यासला गेला. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या एली लेबोविट्झ यांनी तर एक विलक्षण पद्धत बसवली. मूल चिंताग्रस्त असेल तर उपचार आई-वडिलांना द्यायचे. मुलाला खोलीत बोलवायचेही नाही. आई-वडिलांनी दोन गोष्टी शिकायच्या. मुलाला मनापासून म्हणायचे, ‘तुला भीती वाटते हे मला कळते आणि तू ती सोसू शकशील याची मला खात्री आहे.’ आणि भीतीपोटी आपण मुलासाठी जे जे करतो ते एकेक करून कमी करायचे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सात ते चौदा वर्षांची १२४ चिंताग्रस्त मुले होती. केवळ पालकांना दिलेले हे प्रशिक्षण मुलाला थेट दिलेल्या मानसोपचारापेक्षा कमी ठरले नाही. व्यक्तिवादी म्हणून आपण ज्या समाजाला नावे ठेवतो, तेथील एक शास्त्रज्ञ उपचारासाठी घराकडे वळतो, याचा मला आनंद वाटला. पालकांसाठी त्यांचे इंग्रजी पुस्तकही आहे. आपल्याकडे ते कोणीतरी मराठीत आणायला हवे.

आम्हाला १९९८ साली यातले काही ठाऊक नव्हते. एका मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. तत्पूर्वी एका दवाखान्यात ‘या वयात बायकांचे असे होतेच’ म्हणून आमची बोळवण झाली होती, तेही सांगून टाकतो. नव्या डॉक्टरांनी आईला औषध दिले आणि आम्हाला सांगितले, उत्तर देणे बंद करा. पण एकदम नाही आणि तिला न सांगता तर मुळीच नाही. मग आम्ही चौघे बसलो, बैठक घेतात तशी. वडिलांनी विषय मांडला. आईने ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे मी वेडी नाही ना?” वडील म्हणाले, “अगं, वेडी असतीस तर हा प्रश्न विचारला असतास का?” ठरले असे की, पहिल्या आठवड्यात उत्तर पाच वेळा, मग तीन, मग एक. त्यानंतर विचारलेच तर मी म्हणायचे, “आई, हा प्रश्न तुझा नाही, त्या आजाराचा आहे. मी तुझ्याशेजारी बसतो, पण उत्तर देणार नाही.”

ही गोष्ट सांगायला सोपी वाटते. पहिल्या रात्री ती थरथरत होती, घामाने चिंब झाली होती. “इतका कसा रे कठोर झालास?” म्हणाली. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तिच्याशेजारी पहाटे तीनपर्यंत बसलो. उत्तर दिले असते तर दोन सेकंदांत सगळे मिटले असते. आयुष्यात त्या रात्रीइतका संयम मला कधीच करावा लागला नाही. तीनच्या सुमारास ती म्हणाली, “उतरलं वाटतं आता,” आणि चहा टाकला.

ती पूर्ण बरी झाली नाही. वडील गेले त्या वर्षी सगळे उलटून आले; पुन्हा औषध, पुन्हा तीच उजळणी. पण मधल्या काळात ती माझ्या भावाच्या लग्नात चार दिवस कार्यालयात राहिली आणि घराच्या कुलपाचा विषय तिने एकदाच काढला.

आता पुस्तकांविषयी, कारण वाचनालयात उभा आहे. ज्याला निव्वळ चिंतेचा त्रास आहे, छातीत धडधड, हात गार, आता काही होणार असे वाटते, त्याने इंग्रजी वाचता येत असेल तर क्लेअर वीक्स यांचे १९६२चे पुस्तक शोधावे. या ऑस्ट्रेलियन बाई आधी प्राणिशास्त्राच्या संशोधक आणि नंतर डॉक्टर झाल्या. त्यांचे सांगणे चार पायऱ्यांत येते: सामोरे जा, स्वीकारा, तरंगत राहा, वेळ जाऊ द्या. भाषा आजीसारखी. मंत्रचळासाठी जेफ्री श्वार्ट्झ यांचे १९९६चे ‘ब्रेन लॉक’. विचाराला आजार म्हणून ओळखणे, त्याचे मूळ मेंदूच्या बिघाडात आहे हे ध्यानी घेणे, लक्ष दुसऱ्या कामाकडे वळवणे आणि मग त्या विचाराची खरी किंमत ठरवणे, असा त्यांचा क्रम. अशा उपचाराने सुधारलेल्या रुग्णांच्या मेंदूच्या प्रतिमांतही फरक दिसला, हे त्यांच्या चमूने दाखवले. ‘हे सारे मनाचे खेळ’ म्हणणाऱ्या काकांना हा भाग जरूर वाचायला द्यावा.

मराठीत डॉ. आनंद नाडकर्णी यांचे ‘स्वभाव-विभाव’ घ्या. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती त्यांनी आपल्या घरगुती प्रसंगांतून उलगडली आहे; सासू-सून, बाप-लेक यांच्या नात्यांत ती फार उपयोगी पडते. खुद्द एलिस समजून घ्यायचे तर अंजली जोशी यांचे ‘मी अल्बर्ट एलिस’. मनोविकारांची एकत्रित ओळख हवी असेल तर अच्युत गोडबोले आणि नीलांबरी जोशी यांचे ‘मनकल्लोळ’. काही लेखकांची सामाजिक मते तुम्हाला-मला पटणार नाहीत. औषधाच्या बाटलीवर आपण पक्षाचे नाव शोधत नाही, तसेच हे.

आणि भगवद्गीता? तिला मी या यादीत वेगळ्या ठिकाणी ठेवतो. पहिल्या अध्यायात अर्जुनाची गात्रे शिथिल होतात, तोंड कोरडे पडते, अंग थरथरते, हातून गांडीव गळते. एका महापराक्रमी योद्ध्याचे हे वर्णन करताना व्यासांना त्याची लाज वाटली नाही. त्या अवस्थेला त्यांनी ‘योग’ म्हटले. पण आपल्या घरात कोणाचे गांडीव गळाले तर आपण काय म्हणतो? “मन खंबीर कर. बारा सूर्यनमस्कार घाल. आपल्या घरात असले काही नसते.” सूर्यनमस्कार जरूर घालावेत, मीही घालतो. पण श्रीकृष्णाने अर्जुनाचे सगळे बोलणे आधी ऐकून घेतले, हे विसरू नये. तसेच गीतेत सर्व आहे म्हणून डॉक्टर नको, असे म्हणणाऱ्यांनी स्वतःचा मोतीबिंदू कोठे काढून घेतला, तेही आठवावे.

पुस्तकालाही मर्यादा आहे. मंत्रचळी माणूस पुस्तकच शंभर वेळा वाचू लागतो, प्रत्येक लक्षण स्वतःशी ताडून पाहतो. तेही तपासणेच झाले. पुस्तक आधी घरच्यांनी वाचावे, रुग्णाला नंतर द्यावे आणि त्याच आठवड्यात तज्ज्ञांची वेळ घ्यावी. वेळ कोणाची घ्यावी हे कळत नसेल तर केंद्र शासनाची ‘टेली मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, शुल्क नाही. आणि कृपा करून ‘लग्न केले की, ठीक होईल’ म्हणून आणखी एका घराला अंधारात ठेवू नका.

ज्या पुस्तकांची नावे घेतली त्यांतील मराठी पुस्तके ग्रंथपालांनी बाहेरच्या टेबलावर मांडली आहेत. ‘स्वभाव-विभाव’च्या दोन प्रती आहेत. आता तुम्ही विचारा. चारचौघांत विचारणे अवघड वाटत असेल तर चिठ्ठी पाठवा, नाव लिहू नका.